घरापासून की मुळापासून?

पत्त्याची खात्री केल्याशिवाय ज्यांनी कधी पाऊल उचललं नाही आणि दुसऱ्यालाही उचलू दिलं नाही, असे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले. ते म्हणजे आमच्या ऑफिसातले अण्णा. ऑफिस सर्जापूर रोडवर, अण्णांचं घर बसवनगुडीत आणि मूळ गाव निपाणीकडचं, त्यामुळे मराठी घरची, कन्नड बाजारची आणि रागावले की दोन्ही एकदम. रिक्षावाल्याला नुसतं ‘बसवनगुडी’ सांगून त्यांचं भागत नसे. कुठून शिरायचं, कोणत्या देवळाला वळसा घालायचा, कोणत्या फाटकाशी थांबायचं, हे सगळं त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय ते रिक्षात पाय ठेवत नसत. एकदा एकानं वैतागून मोबाइलवरचा नकाशा त्यांच्या नाकासमोर धरला. अण्णा शांतपणे म्हणाले, "त्याला ठाऊक आहे रे. तुला आहे का?" तो इतका हसला, की सांगितलेल्या प्रत्येक वळणावर "सरी ना, सार?" म्हणजे ‘बरोबर ना, साहेब?’ असं विचारत त्यानं आम्हाला घरापर्यंत नेलं.

आमचा धंदा कारखान्यातल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिण्याचा. लिहिलेलं सगळं, कुणी कधी काय बदललं त्या इतिहासासकट, ज्या साठ्यात राहतं त्याला आम्ही रेपो म्हणतो. आमच्या पद्धतीची गंमत अशी, की हा साठा एका जागी नसतो. सर्व्हरवर असतो तसा तो प्रत्येकाच्या लॅपटॉपवरही अख्खाच्या अख्खा असतो. अण्णांच्या बाबतीत तो घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि शर्टाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवरही असे. तेव्हा एका साठ्यातलं काम दुसरीकडे धाडायचं तर कुठे, हे सांगावं लागतं. बाकीचे लोक पत्त्याला एक टोपणनाव देऊन मोकळे होत. अण्णा मात्र दर वेळी सगळा पत्ता हातानं टाइप करत, ओठ हलवत वाचत आणि मगच बटण दाबत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "टोपणनावानं हाक मारावी. पार्सल पाठवू नये."

या पत्त्यात एक खोच होती. सर्व्हरच्या नावापुढे एक तिरकी रेघ दिली, तर पुढचा रस्ता आपल्या स्वतःच्या फोल्डरपासून धरला जातो. दोन दिल्या, तर सर्व्हरच्या मुळापासून. नव्या माणसाला कॉफी विचारण्याआधी अण्णा हे सांगत. "एक रेघ, घरापासून. दोन रेघा, मुळापासून. यात घोळ केलास तर फिरत बसशील." हे ते अशा स्वरात म्हणत, की एका नवख्या मुलाला ते अध्यात्मच वाटलं. त्यानं वाकून नमस्कार केला, आणि अण्णांनीही तो घेतला.

मृणाल पुण्याहून आली तेव्हा अण्णा नेमके रजेवर होते, त्यामुळे तिचा हा उपदेश हुकला. कामगाराचा हात चुकून आत गेला तर यंत्र तत्क्षणी थांबवायचं, तो भाग तिच्याकडे होता. ज्या दुपारी बोम्मसंद्राच्या कारखान्याची माणसं तो पाहायला येणार होती, त्याच सकाळी तिच्या लॅपटॉपवर फिल्टर कॉफीचा अख्खा पेला आडवा झाला आणि पडदा काळा पडला.

"काम सर्व्हरवर आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हो सर, रोज पाठवत होते."

टीमच्या साठ्यात पाहिलं, तर तिथे तिची एक ओळही नव्हती. साहेबांचा चेहरा पडला. ते पाहुण्यांना नका येऊ म्हणून सांगायला फोन घेऊन बाहेर गेले. मृणाल अजून नोकरीत कायम व्हायची होती. ती खुर्चीत नुसती बसून राहिली.

अण्णांनी आपली खुर्ची तिच्याशेजारी ओढली. "कोणत्या पत्त्यावर पाठवायचीस?"

"नीट आठवत नाहीये, अण्णा."

"नको आठवूस. कीबोर्डवर हात ठेव. बोटांना येतंय का बघ की."

तिनं त्यांच्या मशीनवर टाइप केलं. अण्णा वाकले, ओठ हलवत त्यांनी वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मला वाटलं, पत्ताच बरोबर निघाला. "पोरी, एकच रेघ दिलीस. तुझं काम कुठं गेलं नाही. सासरी धाडलेलं माहेरी जाऊन बसलंय."

तसंच झालं होतं. पहिल्याच दिवशी सर्व्हरनं तिच्या स्वतःच्या फोल्डरात एक नवा साठा करून दिला होता आणि रोजचं काम तिथे निमूटपणे ठेवून घेतलं होतं. तिथे सगळं सुखरूप होतं. मी साहेबांना थांबवायला धावलो. सुदैवानं पलीकडे अजून कुणी फोन उचलला नव्हता.

दुपारी कारखान्याचे पोक्त फोरमन आले. त्यांनी चाचणीच्या यंत्रात वर्तमानपत्राची गुंडाळी घातली. यंत्र थांबलं. पुन्हा घातली, पुन्हा थांबलं. मग लहान मुलासारखे ते घालतच राहिले, आणि प्रत्येक वेळी मृणालकडे बघून मान डोलावत राहिले. सगळे गेल्यावर साहेबांनी विचारलंच, "चूक कोणाची होती?"

"काम वेळेवर पोचलं होतं सर," अण्णा म्हणाले. "आपण भलत्या दारात वाट बघत होतो." आणि साहेब पुढे काही बोलायच्या आत आम्हा सगळ्यांना बसवनगुडीत डोसे खायला घेऊन गेले. मृणालनं त्या दिवशी दोन खाल्ले, आणि रडून घ्यायचं राहिलं होतं तेही चटणी तिखट असल्याच्या निमित्तानं उरकून घेतलं.

अण्णा आता निवृत्त होऊन गावी राहतात. ऑफिसात नवी पद्धत आली आहे. पत्ता आपोआप भरला जातो, रेघा कुणी मोजत नाही. काम झटपट होतं, तक्रार करायला जागा नाही. परवा फोनवर त्यांना हे सांगितलं. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी वाजत होती.

"सरी," ते म्हणाले. "सोपं झालं ते बरं झालं." आणि मग, मी फोन ठेवणार इतक्यात, अगदी हळू आवाजात, "तरी एकदा वाचून घेत जा गा."

मी वाचून घेतो. पत्ता दर वेळी बरोबरच असतो.