खोली गेली

नव्या फ्लेक्सचा रॉकेलसारखा वास आला की आमच्या अमरावतीच्या कॉलेजातलं ते स्वागत आठवतं आणि माझं डोकं फिरतं. परदेशी विद्यार्थी आणा, असं सरकारचं परिपत्रक आलं होतं. ते राहतील कुठे, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मला इंग्रजी येतं अशी अफवा होती, म्हणून परदेशी विद्यार्थी कक्षाचा प्रमुख मी झालो. आला मलावीचा एकच मुलगा. त्याचं स्वागत झालं सहा महिन्यांनी, कारण वरच्या साहेबांना तेव्हा सवड मिळाली. तोवर तो बडनेऱ्याच्या लॉजवर राहत होता आणि महिनाअखेर खोली मिळाली नाही तर शिक्षण सोडून परत जाणार होता. स्टेजवर फेटा बांधून मी ठोकून दिलं, "हे शहर तुझंच घर आहे!" टाळ्यांनी चेकाळून त्याच्यापुढे माइक धरला, "मग, मिळाली का खोली?" मेसच्या मावशीकडून शिकलेल्या वऱ्हाडीत तो म्हणाला, "नाई सर. काल तुमच्याच घरी आलतो. काकू म्हने, खोली गेली. भाड्याची पाटी तं अजून लटकूनच हाये." सभागृह हसलं, साहेबही हसले. बायकोला बोल लावायची सोय नव्हती. तिनं आत येऊन विचारलं होतं, "अहो, तुमच्या कॉलेजातला तो परदेशी पोरगा आला, देऊ का खोली?" "गेली म्हून सांग त्याले," हे मीच म्हणालो होतो, त्याच भाषणाचा कागद हातात धरून. तो महिनाअखेर गेला. शिक्षण सोडण्याच्या कारणापुढे मीच 'वैयक्तिक अडचण' असं लिहिलं. त्या परिपत्रकाला मी आजही शिव्या घालतो, पण त्याआधी स्वतःलाच एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटते, कारण अडचण खरंच वैयक्तिक होती आणि ती माझी होती.