टिंबांवर बसलेली समिती

विलायतेत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकून मी आमच्या बेटावर, व्हाकोआ गावी परतलो, तेव्हा अख्ख्या गोतावळ्याचं एकमत होतं: माझ्यासारख्या आंधळ्याने वेताच्या खुर्च्या विणाव्यात, नाहीतर टेलिफोनवर बसावं. मी हट्टाने एका सरकारी कचेरीत प्रोग्रॅमर म्हणून चिकटलो, पण तात्पुरता. कायम झालो नसतो, तर वेत वाट बघतच होता.

साहेब शेजारच्या क्वात्र बॉर्न गावचे, आमच्याच मराठी समाजातले. फार दयाळू माणूस. दयेपोटी त्यांनी मला जिन्याखालची खोली दिली. तिथला दिवा कधीचाच गेला होता, आणि मी आल्यामुळे तो बदलायची कटकटही मिटली.

माझं काम चालायचं एका युक्तीवर. छपाईयंत्राला अक्षरांऐवजी ब्रेलची टिंबं छापायला लावून त्याच्या हातोड्यांपुढे मी परकराचं इलॅस्टिक ताणून बसवायचो. मग प्रत्येक टिंब कागदात रुतायचं, आणि कागद उलटला की पाठीवर ब्रेल उठलेलं असायचं. त्यावर बोटं फिरवून मी माझा प्रोग्रॅम वाचायचो, चुका काढायचो. एक दिवस असा कागद साहेबांच्या हाती लागला. त्यांनी तो सुलट बाजूने पाहिला.

"आयो, की ते सा? ह्ये काय? निस्ती टिंबच टिंब! पोरानं मशीन मोडली!"

मेकॅनिक आला. त्याने इलॅस्टिक ओढून काढलं, बिघाड सापडला म्हणून शाबासकी मिळवली, आणि माझ्यावर समिती बसली. मला नोकरीत ठेवायचं की घालवायचं, ते तीच ठरवणार होती.

समितीपुढे मी कागद उलटला आणि घडाघडा वाचून दाखवला. एका सभासदाला संशय आला. त्याने मला डोळे मिटून वाचायला सांगितलं. मी मिटले, पुन्हा वाचलं. सगळे थक्क! कुणीतरी देवाची लीला म्हणालं. प्रोग्रॅम चालतो का, हे मात्र एकानेही विचारलं नाही, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

पण कायम झालो. राग कुठल्या कुठे पळाला. विलायतेत महिनोन्महिने गिरवून मी सही शिकलो होतो. कुठे करू, विचारत मी ऐटीत पेन काढलं.

"ऱ्हाऊ दे बाळा, कशाला तरास," साहेब मायेने म्हणाले, आणि माझा अंगठा धरून त्यांनी शाईत दाबला.