जाणारा उपाध्यक्ष

समस्त मराठी जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सौदी अरेबियातल्या जुबैलमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक एका शुक्रवारी, भरपेट जेवणानंतर, उमेदवाराच्याच दिवाणखान्यात पार पडली आणि तीत मला राजकारणातलं एक मोठं सत्य फुकटात गवसलं. माणसाची मतं ऐकायची तर त्याच्या भाषणाला जावं. खरी कळायची तर त्यानं उपाध्यक्ष म्हणून कोण निवडलाय ते पाहावं.

उमेदवार म्हणजे प्लांटमधले आमचे साहेब, पुण्याचे. सौदीकरणाची वर्षं होती ती. प्रत्येकाच्या शेजारी एक सौदी तरुण आणून बसवलेला. त्याला काम शिकवायचं आणि तो तयार झाला की आपण सामान बांधायचं. त्यामुळे साहेबांचं म्हणणं सगळ्यांना पटे: दुसरी फळी तयार करा, खुर्चीला चिकटू नका. हे ते गेली काही वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीतून सांगत होते.

आमचा रिवाज असा, की अध्यक्ष आपला उपाध्यक्ष निवडतो, दोघं जोडीनं उभे राहतात आणि पुढच्या वर्षी उपाध्यक्ष अध्यक्ष होतो. तो देश सोडून गेला असेल, तर जुनाच अध्यक्ष पुढे चालू. आधीचे सगळे उपाध्यक्ष वर्ष संपायच्या आत भारतात परतले होते. योगायोग, दुसरं काय.

यंदा साहेबांनी निवडले स्टोअरमधले चाचा. रत्नागिरीकडचे, लाखमोलाचा माणूस. फक्त त्यांच्या हाताखालचा सौदी मुलगा तयार झाला होता आणि पुढच्याच महिन्यात चाचांचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परतणं, ठरलं होतं.

मी घरी जाहीर केलं की साहेबांची दुसरी फळी विमानतळापर्यंतच जाते. बायकोला ते मुळीच पटलं नाही. आयुष्य इथं घालवलेल्या माणसाला जाता जाता मान दिला, तर त्यातही तुम्हाला डाव दिसतो, असं तिनं सुनावलं. अर्धं मंडळ तिच्या बाजूचं. मी म्हटलं, मान द्यायला शाल असते, नारळ असतो. त्यासाठी गादीचा वारस कोण करतं?

शुक्रवारी चहा फिरला. हात वर करून मतं द्यायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात चाचा उठले. त्यांच्या हाताखालचा तो सौदी मुलगा कामात इतका तरबेज निघाला, की त्याला रियाधच्या मुख्य ऑफिसनं उचललं होतं. चाचांना आता नवा मुलगा शिकवायला दिला होता. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढला, एक्झिट रद्द. तेव्हा मंडळाची सेवा आता मनापासून करीन, आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपदही सांभाळीन, इन्शाल्ला, असं सांगून ते खाली बसले.

टाळ्या पडल्या. बायकोनं तर विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत वाजवल्या. साहेबांचा कप मात्र बशी आणि ओठ यांच्या मधेच थांबला होता, आणि टाळ्या ओसरताच, भर सभेत, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अहो चाचा, पण तुम्ही जाणार होतात म्हणून तर तुम्हाला घेतलं!"