भागरतीत सांगायचं तर

आमच्या गावात कुणी बोलता बोलता लांबण लावली की मागून आवाज येतो, "भागरतीत सांग, बाप्पा!" म्हणजे थोडक्यात सांग. मोहाडीच्या बाजारातही हा शब्द आता ऐकू येतो, आणि ऐकला की माझी मान उगाचच ताठ होते. ज्या भागरताबाईवरून तो निघाला ती माझी मोठी माय, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको.

मोठी माय काही घुमी नव्हती, रुसलेली तर कधीच नसायची. शब्द मात्र ती भाजीत मीठ घालावं तसे वापरायची. माझ्या वडिलांसाठी मुलगी पाहायला घरच्या बायकांतून तीच गेली होती. परत आल्यावर सगळ्यांनी घेरलं, "पोरगी कशी हाय?" मोठी माय पाय धुता धुता म्हणाली, "हासते." एवढ्यावर लग्न ठरलं. आई अजूनही हसते.

मी साकोलीला कॉलेजात शिकवतो. बोलणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच. सुट्टीत घरी आलो की तिथलं राजकारण तिला रंगवून सांगायचो. ती तांदूळ निवडत सगळं ऐकायची आणि शेवटी विचारायची, "जेवला काय?" मला राग यायचा, आणि भूकही लागलेली असायची.

या शब्दाचा जन्म मात्र भर सभेतला. आमचं गाव धानाचं, आणि धान गावतलावाच्या भरवशावर. एका वर्षी ऐन धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला पाऊस गडप झाला. तलावात पाणी थोडंच. तलावातून शेतांकडे जाणाऱ्या नहराच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते नेहमीच आधी पाणी घेत. टोकाला असलेल्यांचं धान त्या वर्षी वाळणार हे दिसतच होतं. ग्रामसभेत दुपारपासून भाषणं चालली होती. वरचे हक्क सांगत होते, खालचे ओरडत होते. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, अगदी नहराच्या तोंडाशी. बायकांतून मोठी माय उठली. "पानी शेवटून द्या. माही बांधी सगळ्यायच्या मांगं." आणि बसली.

आधी पाणी घेणाऱ्या घरच्याच बाईनं असं म्हटल्यावर बाकीच्यांनी कोणत्या तोंडानं बोलावं? वरच्या बांध्यांच्या वाटा मातीनं बुजवल्या आणि पाणी थेट टोकाला गेलं. खालच्यांचं धान वाचलं. आमचं निम्मं पोचट निघालं. मोठे बाबा चिडले, "तुले काय गरज होती?" ती म्हणाली, "जुने धान हायेत."

पुढच्या सभेत एकानं दळण लावलं, तेव्हा टोकाच्या शेताचे दशरथकाका ओरडले, "भागरतीत सांग!" तेव्हापासून हा शब्द गावात राहिला, आणि पाणी शेवटून द्यायची रीतही.

साकोलीला स्टाफरूममध्ये एकदा तो माझ्या तोंडून निघून गेला. मराठीचे सर चष्मा सावरत म्हणाले, "व्युत्पत्ती काय? संस्कृत का?" मी म्हटलं, "नाही सर, आमच्या घरचा आहे." इतका अभिमान मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

गेल्या वर्षी मोठी माय गेली. तेव्हाही पावसानं ओढ दिली होती आणि दुसऱ्याच दिवशी तलावाचं पाणी सुटायचं होतं. घाटावर शोकसभा झाली. आमच्याकडे ती होतेच. बाहेरून आलेले एक पुढारी तिच्या 'ओजस्वी वक्तृत्वा'वर बराच वेळ बोलले. मीही मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. माझ्या आधी दशरथकाका काठी टेकत उठले. "उद्या पानी पयले भागरताबाईच्या बांधीले." आणि बसले.

मी उठलोच नाही. त्यानंतर बोलण्यासारखं उरलं काय होतं?

दुसऱ्या दिवशी नहराचं पाणी आधी आमच्या बांधीत वळलं. टोकाच्या शेतांची माणसं बांधावर उभी राहून पाहत होती. माझे डोळे भरून आले. मोठी माय असती तर "नोको" म्हणाली असती. तेवढ्या एका दिवशी गावानं तिचं ऐकलं नाही.