शिमोजोसाठी ट्रंपेट

कुरामोचीसानची लाँड्री आमच्या दुकानाला लागून आहे. मी माशाच्या वड्या तळते, ते शर्टांना इस्त्री करतात, आणि बेसबॉलचा हंगाम आला की आम्ही दोघंही लवकर दुकान बंद करून मैदानावर पळतो. सव्वीस वर्षं ते उजव्या स्टँडात ट्रंपेट वाजवत होते, नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारी ढोल. आपला फलंदाज खेळायला आला की त्याची स्वतःची धून वाजते. पहिले सूर कुरामोचीसानचे, मग माझा ढोल, मग आम्हा चाहत्यांचं बाकीचं पथक. पथकप्रमुखाची लाल पट्टी त्यांच्या दंडावर असायची. बायको गेली त्या आठवड्यातही ती बांधून ते आले होते.

मग आमच्या संघात शिमोजो आला. असा फलंदाज मी जन्मात पाहिला नाही आणि असा माणूस पुन्हा दिसू नये. मॅच संपल्यावर सगळे खेळाडू स्टँडसमोर वाकून नमस्कार करतात, हा पाठ फिरवून आत. सही मागणाऱ्या म्हाताऱ्यांना म्हणाला, "घरी काही कामं नाहीत का तुम्हाला?" कुरामोचीसाननी अख्खा हिवाळा घालवून त्याची धून बसवली होती. ती दोन महिने ऐकून त्याने वर्तमानपत्राला सांगितलं, "त्या ट्रंपेटने डोकं उठतं. चेंडू कसा बसला ते मला बॅटच्या आवाजावरून कळतं. गोंगाट करायची हौस असेल तर जत्रेत जा म्हणावं."

माझा संताप झाला. कुरामोचीसाननी मात्र ते तीनदा वाचलं.

"खरं आहे त्याचं," ते म्हणाले.

"काय खरं? तुमचा हिवाळा गेला त्यात."

"गेला ना. पण सरावाला मी ऐकलंय, कानाए. त्याच्या बॅटचा आवाजच निराळा आहे. मॅचमध्ये कधी ऐकू आला नाही. येणार कसा, मीच वाजवत असतो."

पथकाची बैठक माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाली. मासळीबाजारातला इसोबे तावातावाने म्हणाला, "बहिष्कार. तो आला की सगळे गप्प." आम्ही टाळ्या वाजवल्या.

"अरे, त्याला हेच तर हवंय," कुरामोचीसान म्हणाले. "मग शिक्षा कुणाला?"

इसोबेचा चेहरा पडला. तरी तो म्हणाला, "मग दुप्पट जोरात वाजवू. कान किटले पाहिजेत त्याचे." पुन्हा टाळ्या. मी दोन्ही वेळा वाजवल्या, आणि आपण आपल्याच खेळाडूला धीर देतोय की शिव्या, हे मला कळेनासं झालं.

"आणि पहिले सूर तुमचेच, कुरामोचीसान," इसोबे म्हणाला. "वाजवायचे नसतील तर पट्टी सोडायची."

शनिवारी दुपारी आठव्या इनिंगमध्ये आम्ही एका रनाने मागे होतो, आमचे दोन गडी बेसवर धावायला टपलेले, आणि शिमोजो आला. कुरामोचीसानची ट्रंपेट मांडीवरच. मी कोपराने ढोसलं.

"वाजवा हो. लोक बघतायत."

"तुला सुरू करायचं तर कर," ते म्हणाले.

टिपरी माझ्या हातात होती. करता आलं असतं. का केलं नाही, ते आजही सांगता येत नाही. सगळा स्टँड गप्प झाला. मग तो आवाज आला, कोरडा ओंडका एका घावात दुभंगावा तसा. चेंडू आमच्या डोक्यांवरून गेला, होम रन, आणि मॅच आम्ही जिंकली. कुरामोचीसानचे डोळे भरून आले होते. इसोबे येईपर्यंत त्यांनी पट्टी सोडून हातात धरली होती. सगळं खापर त्यांच्यावर फुटलं. ढोल का वाजला नाही, हे कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शिमोजोचं बोलणं छापून आलं: "काल स्टँड गप्प होता. या गावचे लोक फार लवकर हार मानतात." मी तो कागद टराटरा फाडला. कुरामोचीसान मात्र पोट धरून हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

पथकाने पट्टी मला बांधली. नाही म्हणता आलं असतं, पण मला ती हवी होती. पुढच्या रविवारी मी मैदानावर निघाले तेव्हा कुरामोचीसान इस्त्री करत होते. "जा, उशीर होईल," एवढंच म्हणाले.

शिमोजो खेळायला आला. बारा ट्रंपेट माझ्या हाताकडे बघत होत्या. मी टिपरी हाणली, सगळे तुटून पडले. त्याने दुसऱ्याच चेंडूला होम रन मारला, त्या गोंगाटातसुद्धा. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी चेंडू जाताना पाहिला, पण बॅटचा आवाज मला ऐकू आला नाही. ढोल मीच बडवत होते.