कंबरेला ओढणारं बळ

ताई नसत्या तर मी तेव्हाच घरची, भंडाऱ्याकडची गाडी धरली असती. म्हणून आधी त्यांचं नाव काढते, घडलं ते मागून. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी कामाला आहे, तिथल्या प्रयोगशाळेत ताई संशोधन करतात. माझी शाळा आठवीत सुटली, तरी त्या मला शेजारी खुर्ची देतात.

आमच्याकडे माणसाचं चालणं मोजतात. द्राक्षबागेत राबून कंबर धरलेल्या बाया दिंडोरीकडून येतात. त्यांच्या अंगावर चकाकणाऱ्या गोट्या चिकटवायचं काम माझं. "मला काय दिवाळीची आरास करते का गं पोरी?" एक मावशी म्हणाली होती. "नवरा वळखायचा नाय!"

कॅमेरे त्या गोट्या टिपतात, लाकडी वाटेत बसवलेली प्लेट पावलाचा जोर मोजते आणि कॉम्प्युटर हाडा-स्नायूंचा पुतळा तसाच चालवतो. अंगाची हालचाल आणि पावलाचा जोर यांचा मेळ बसला नाही, तर तो आपल्या पदरचं बळ पुतळ्याच्या कंबरेला लावतो आणि वेळ निभावून नेतो. हे बळ थोडंफार असतंच. दसऱ्यानंतर मात्र ते भलतंच वाढलं. पडद्यावर मावशीचा पुतळा चालायचा आणि कुणीतरी त्याला कंबरेला धरून कधी पुढे ढकलायचं, कधी मागे ओढायचं. मला ते बघवेना.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर आले. "कंबरेच्या गोट्या कोण लावतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आठवी ना तुझी? हाडाचं टोक कळतं का? सोमवारपर्यंत सुधारलं नाही, तर शिकलेली मुलगी बघू."

संध्याकाळी आईचा फोन आला. "बरं चालू आहे ना बाई?" मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? माझं काम गेलं की धाकटीची शाळाही सुटणार, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. 

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "रडतेस कशाला? आधी चुकलंय काय ते तर बघू."

कॉम्प्युटरमध्ये भरलेलं मावशीचं वजन पाहिलं, बरोबर होतं. मग ताईंनी स्वतःच्या कंबरेला माझ्याकडून गोट्या लावून घेतल्या, बोटांनी चाचपल्या. "अगदी जागेवर आहेत." मला वाटलं, मन राखायला म्हणतात. कॅमेरा आणि प्लेट यांची वेळही जुळत होती.

"वर-खालचा जोर चोख आहे. घोळ पुढे-मागे आहे," ताई पुटपुटल्या. "अगं, तू प्लेटवर उभी राहा बरं."

पाय लटलटत होते.

"ही थरथरसुद्धा मोजते हं!" त्या हसल्या. "आता पाय पुढे रेट."

मी रेटला. पडद्यावरचा बाण उलट्या बाजूला गेला.

ताई खाली वाकल्या. प्लेटच्या फटीत झेंडूची सुकलेली पाकळी अडकली होती. खंडेनवमीला आम्ही सगळ्यांनी प्लेट उचलून, पुसून, पाटावर ठेवून पूजली होती. हळद-कुंकू, हार, सगळं साग्रसंगीत. परत बसवताना ती फिरली होती. वायरची बाजू खिडकीकडे असायची, ती आता दाराकडे होती. पुढचा जोर मागचा झाला होता आणि ती कसर कॉम्प्युटर कंबरेवर भरून काढत होता.

उचलताना एका टोकाला मी होते.  आता तर मी सुटतच नाही, असं वाटलं.

पण सरांसमोर ताई म्हणाल्या, "पूजेला प्लेट काढा असं मी म्हटलं होतं. बसवल्यावर तपासणं माझं काम होतं. हिच्या गोट्या बरोबर आहेत."

सर प्लेटकडे वळले. "पुढच्या वर्षी जागेवरच हार घाला तिला," एवढंच म्हणाले.

ताईंनी कॉम्प्युटरमधल्या दसऱ्यानंतरच्या मोजमापांच्या दिशा उलटवल्या. कंबरेवरचं बळ ओसरलं. मावशींना छाटणी सोडून पुन्हा यावं लागलं नाही.

सरांची पावलं वाजली की माझे हात अजून गार पडतात. पण ताई, कधी तुमच्याकडे सगळ्यांनी असं वळून पाहिलं, तर त्या दिवशी मी पुढे होईन आणि बोलेन. आज आवाज फुटत नाही. तोवर तो कमावून ठेवीन.