कढी न्हाई, ताक

माझी सासू सरजाबाई. आम्ही तिला आत्या म्हणतो. चाकुरात लोक तिला फटकळ म्हणतात, अन् खरंच बोलतात. चाळीस वर्षं तिच्या दारात म्हैस आहे. या वयात शेण काढायची हौस कशाला, असं विचारलं की ती एकच गोष्ट सांगते.

नऊ वर्षांची असताना ती कमलम्माच्या वाड्यावर ताक मागायला जायची. कमलम्मा तेव्हा नवी सून. उंबऱ्याच्या आत उभी राहून वरून धार सोडायची, आत्या खाली गाडगं धरायची. कधी चहा मिळाला तर वळचणीला ठेवलेल्या फुटक्या कपात, अन् तो कपही आपणच धुऊन ठेवायचा. एकदा धार हलली आणि ताक आत्याच्या डोळ्यांत गेलं. कमलम्मा वरून ओरडली, "नीट धर की गं, शिवशील!" आत्यानं त्याच दिवशी ठरवलं, की म्हैस घेईन, पण पुन्हा कुणाच्या दारात उभी राहणार न्हाई.

गेल्या वर्षी याच कमलम्माची नात, वर्षाराणी, आजारी पडली. पोटात जंतूंचं इन्फेक्शन. डॉक्टरचं तोंड न बघता मेडिकलवरून तीन महिन्यांत चारदा अँटिबायोटिक खाल्लं. मग लातूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, इन्फेक्शन गेलंय, पण गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मेलेत, म्हणून जुलाब थांबत नाहीत. आता गोळ्या बंद. प्रोबायोटिकची पुडी आणि घरी विरजलेल्या दह्याचं ताजं ताक घ्या. मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी स्वतः वाचला.

गल्लीत सगळ्यांकडं पिशवीचं दूध, घरी विरजण कुणीच लावत नाही. म्हैस एकच, आमची. कमलम्माचा मुलगा डबा घेऊन आला. आत्यानं भरून दिला. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "पोरीचा काय गुन्हा हाय त्यात?"

दहा दिवसांनी वर्षाराणी दवाखान्यात आली. वजन आणखी दोन किलो उतरलेलं, काटा अडतीसवर. उभं राहवेना तिला.

"ताक पितेस ना गं?"

"हाव सिस्टर. आजी कढी करून देती."

"कढी?"

पोरीनं मान खाली घातली. "तुमच्या घरचं हाय ना... इस्तवावर उकळल्याबिगर चालत न्हाई म्हणती. पुडीबी त्यातच टाकती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत जंतू पोटात जावेत म्हणून सगळा आटापिटा, अन् ही बाई रोज सकाळी त्यांना उकळून मारून राहिली! कशासाठी? तर ताकाला आमचा हात लागला म्हणून!

घरी येऊन आत्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं डबा रिकामाच परत पाठवला. "कमलम्माला सांग, पोरीला घेऊन इथं ये. माझ्या ओट्यावर बसून, माझ्या गिलासानं, माझ्या डोळ्यांदेखत प्यायचं."

मी घाबरले. "आत्या, पोरगी जाईल हातची. हट्ट करू नका."

"हट्ट माझ्यासाठी न्हाई, पोरीसाठीच हाय. डब्यात दिलं की कढी व्हती."

दोन दिवस कुणी आलं नाही. आत्या उगाच म्हशीवर खेकसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमलम्मा आली, नातीचा दंड धरून. अख्खी गल्ली दारात उभी. दोघी ओट्यावर टेकल्या. आत्यानं दोन गिलास भरले. "आधी तू पी. मोठी हायेस."

कमलम्मानं मान वर केली, गिलास ओठांपासून वीतभर उंच धरला.

"वरून न्हाई, कमलम्मा," आत्या म्हणाली. "वरून लई बघितलं म्या. ओठ लाव."

म्हातारीनं गिलास खाली घेतला, पण ओठाला लावला नाही. वर्षाराणीनं मात्र वाट बघितली नाही. गिलास तोंडाला लावला, घटाघटा प्यायली, ओठांवर पांढरी मिशी. "आजी, पी की!" कमलम्मानं डोळे मिटले आणि ओठ लावला.

मग रोज दोघी यायला लागल्या. पुडीही तिथंच, गार ताकात. आठवड्यात जुलाब थांबले, महिन्यात वजन चार किलो वाढलं. आता कुणी हे वाचून अंगात ताप असताना गोळी सोडून ताक पीत बसू नका. गोळी कधी घ्यायची अन् कधी नाही, हे डॉक्टरनं ठरवायचं, मेडिकलवाल्यानं नाही, अन् आजीनं तर नाहीच.

पुड्या संपल्या त्या शेवटच्या दिवशी ताक पिऊन झाल्यावर कमलम्मा दोन्ही गिलास घेऊन उठली आणि नळाकडं निघाली. आत्यानं ते तिच्या हातातून काढून घेतले.

"ठेव. आमच्यात पाव्हण्याला भांडं धुवायला लावत न्हाईत."